सड्यावरची तिसरी

"दुखतोय?" सुर्वेबाईंनी माझ्या गुडघ्यावर अंगठा दाबत विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

साफ खोटं. गुडघा आदल्या रात्रीपासून ठणकत होता आणि बाईंचा अंगठा नेमका दुखऱ्या जागेवर होता. पण मी चेहऱ्यावरची एक सुरकुती हलू दिली नाही. उभा जन्म बँकेच्या काउंटरवर गेला होता, मनात काय चाललंय ते तोंडावर दिसू न देणं एवढं एक मला पक्कं जमायचं.

"नक्की, हेमा?"

"नक्की, बाई. अगदी सायकलच्या चाकासारखा फिरतोय."

"मग आज बघूया," बाई म्हणाल्या आणि उठताना त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. ती थाप सरळ गुडघ्यात उतरली.

आता मला पंच्याहत्तरी उलटून गेली आहे. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते आणि साठीपुढच्या बायकांच्या गटात क्रॉस कंट्री धावायचे. आमच्या घरी याला कुणी शर्यत म्हणत नसे. मुलगा म्हणायचा, 'आईचं ते रानात पळणं.' सून काही म्हणायची नाही, फक्त मी बूट घालायला बसले की भांडी जरा जोरात वाजायची. पण त्या पळण्यानं मला निवृत्तीनंतर जगवलं, हे खरं आहे. सकाळी उठून कुठंतरी जायचं आहे आणि तिथं दोन बायका माझी वाट बघत उभ्या आहेत, एवढं मला पुरत होतं.

त्या दोन बायका म्हणजे सुर्वेबाई आणि द्वारका. कमलिनी सुर्वे आमच्यात सगळ्यात मोठ्या, सदुसष्ट वर्षांच्या, शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या तरी गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती. द्वारका पाष्टे वयानं सगळ्यात लहान आणि तोंडानं सगळ्यात मोठी. तिचं माहेर सड्याच्या पायथ्याच्या गावातलं, त्यामुळे त्या दिवशी ती यजमानीणबाईच्या थाटात होती.

सडा म्हणजे आमच्या कोकणातलं डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. सपाट, उघडं, काळपट तांबडं. पावसाळ्यानंतर त्यावर गवत पिवळं पडतं, खळग्यांत पाणी साठलेलं असतं, आणि सकाळी कधी कधी असं धुकं बसतं की आपलाच हात परका वाटावा. त्या दिवशी तसंच धुकं होतं. आयोजकांनी शर्यत थोडी लांबवली, मग आणखी लांबवली, आणि शेवटी वाटेवर लाल झेंडे लावले आहेत, जपून धावा, असं सांगून सुरुवातीच्या रेषेवर उभं राहायला सांगितलं.

आमच्या गटात संघाचा नंबर एका साध्या नियमावर ठरायचा. प्रत्येक संघात तीन बायका, आणि संघाची तिसरी बाई ज्या क्रमानं पोचेल तो संघाचा क्रम. पहिल्या दोघी कितीही आधी पोचोत, त्यांनी तिसरीची वाट बघत पाणी पीत बसायचं. आणि आमची तिसरी कायम मी. बाई धावायच्या पुढं, मध्ये द्वारका, मागं मी धापा टाकत. आमचा नंबर दरवर्षी माझ्यापाशी येऊन अडायचा. बाईंनी त्यावरून मला कधी एका शब्दानं दुखवलं नाही. पण शर्यत संपल्यावर मी पोचेपर्यंत त्या ज्या पद्धतीनं घड्याळाकडे न बघता उभ्या असायच्या, त्यानं मला जास्त लागायचं.

त्या दिवशी सकाळी जीपमधून येताना द्वारकाच्या तोंडून निसटलं होतं. देवरुखची एक बाई आहे, पोलिसातून निवृत्त झालेली, नुकतीच साठीत आलेली, भन्नाट पळते. बाईंना येऊन भेटून गेली.

"कशाला भेटली?" मी विचारलं होतं.

"असंच गो," द्वारका म्हणाली आणि खिडकीबाहेर धुक्यात काहीतरी शोधायला लागली.

मला काय समजायचं ते समजलं. आज मी वेळेत पोचले तर संघात मी, नाहीतर ती. म्हणून गुडघ्याबद्दल खोटं बोलले. त्या जागेसाठी मी आणखीही बरंच खोटं बोलले असते.

रेषेकडे जाण्याआधी द्वारकानं आम्हाला बाजूला ओढलं. सड्याच्या कडेला एक पांढरा रंग दिलेला धोंडा होता, त्यावर कुणीतरी सकाळीच जास्वंद वाहिलेली. द्वारकानं चप्पल काढावी तसे बूट काढले आणि हात जोडले.

"आम्ही तिघीजणी आलाव. तिघींना सांभाळून पार पोचव रे महाराजा."

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"राखणदार हाय सड्याचा. किती जणं हाव ते त्याला सांगायचं असतं. मग तेवढी पार करायची जबाबदारी त्याची." तिनं बूट घालता घालता आणखी एक सांगून ठेवलं. "आणि धुक्यात कुणी नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची नाय. एकदा नाय, दोनदा नाय. तिसऱ्यांदा मारली तरच. माणूस असलं तर तिसरी हाक मारतं. दुसरं काय असलं तर दोनावर थांबतं."

"द्वारका, तू अंगणवाडीत मुलांना हेच शिकवत होतीस का?" बाई म्हणाल्या. "असल्या भाकडकथा मी शाळेत कधी चालू दिल्या नाहीत. हाक मारली की ओ द्यायची, हजेरीचा नियम एवढाच."

द्वारका हसली, मी हसले. त्या धुक्यात ते हसू जरा लवकरच विरलं.

हजेरीवरून आमची एक पद्धत सांगायला हवी. पावसाळ्यात आम्ही घाटरस्त्यावर सराव करायचो, तिथं असंच धुकं. धावता धावता मागं वळून बघितलं की पाय चुकतो, म्हणून बाईंनी नियम केला होता. थोड्या थोड्या वेळानं त्या पुढून म्हणायच्या, "एक." द्वारका म्हणायची, "दोन." मी म्हणायचे, "तीन." तीन ऐकू आलं की बाई आपल्या वेगानं पुढं. नाही आलं, किंवा फार लांबून आलं, की त्या जीभ टाळूला लावून 'च्च' करायच्या आणि वेग कमी करायच्या. तो 'च्च' मला कितीही लांबून ऐकू यायचा.

शिट्टी वाजली आणि आम्ही निघालो. बघता बघता बाकीच्या बायका धुक्यात दिसेनाशा झाल्या. उरले ते पायांचे आवाज. सड्यावर बारीक जांभी खडी असते, पाय पडला की चरचरते. पुढं बाईंची चरचर, मग द्वारकाची, मग माझी.

"एक."

"दोन."

"तीन," मी म्हटलं.

सुरुवातीला बरं चाललं होतं. मी चक्क त्यांच्या टाचांना लागून होते. मग कातळाचा उघडा पट्टा आला आणि प्रत्येक पावलाला गुडघ्यात कळ उठायला लागली. वाटेच्या कडेला गवत होतं. गवतावर पाय जरा मऊ पडतो, म्हणून मी थोडी बाजूला सरकले. झेंडे उजवीकडे राहिले ते माझ्या लक्षात आलं, पण चरचर ऐकू येत होती, म्हणजे वाट जवळच होती. मी गवतावरूनच धावत राहिले आणि एका पावलाला खाली जमीनच लागली नाही.

जुनी चिऱ्याची खाण होती ती. चिरे काढून सोडून दिलेली, कडेनं गवत माजलेलं. मी फार खोल पडले नाही. पहिल्या पायरीवरच अडकले, माझ्या डोक्याच्या थोडं वर काठ होता. पण पाय घोट्यात विचित्र वळला आणि छाती दगडावर अशी आपटली की आतला सगळा श्वास बाहेर गेला. तोंड उघडं होतं, पण हवा आत जाईना. खालच्या पायरीवर हिरवं पाणी साठलेलं होतं आणि त्यात बेडूक गप्प बसले होते.

वरून बाईंचा आवाज आला. "एक."

"दोन."

मी तोंड उघडून बसले होते. शब्द येईना. आता तो 'च्च' ऐकू येणार, आता त्या थांबणार, आणि संपलं सगळं, असं माझ्या मनात आलं.

"तीन," कुणीतरी म्हणालं.

आवाज माझा होता.

आपला आवाज आपल्याला बाहेरून कसा ऐकू येतो ते मला माहीत आहे. मुलाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मी विहिणीशी बोलतेय, तो मी ऐकलेला आहे. तसाच, नाकात थोडा अडकलेला. फरक एवढाच होता की या आवाजाला अजिबात दम लागलेला नव्हता. घरात बसून कुणी भाजीचा भाव सांगावा तसं ते "तीन" होतं. आणि मागोमाग खडीची चरचर गेली. एक, दोन, आणि तिसरीही.

माझ्या अंगावर काटा आला. मी स्वतःच्या हाताला चिमटा काढला. लागला. मग मला दुसरी भीती वाटली, की आपण इथं मरून पडलो आहोत आणि वर धावतेय तीच आपण आहोत. हसू नका. धुक्यात, खाणीत, तोंडात रक्ताची चव असताना हे अगदी सरळ वाटतं.

वाट पुढं जांभळीच्या एकट्या झाडाला वळसा घालून परत याच खाणीच्या दुसऱ्या अंगानं यायची, हे मला माहीत होतं. जांभळीपाशी वळणावर एक झेंडेवाला उभा केलेला होता. मी थांबले. श्वास हळूहळू परत आला, बारीक बारीक. मग धुक्यातून टाळ्या ऐकू आल्या, झेंडेवाला कुणाला तरी टाळ्या वाजवत होता. मग चरचर जवळ यायला लागली.

"बाईऽऽ!" मी हाक मारली. आवाज मला वाटला होता त्याहून चिरका निघाला.

पाय मंदावले.

"कोण आहे?" बाईंचा आवाज.

"ओ देऊ नका!" द्वारका ओरडली. "पहिली हाय. तुम्ही फक्त पळा."

"अगं पण कुणीतरी..."

"आपण तिघी हाव ना? बघा हवं तर. दोन!"

"तीन," माझा आवाज म्हणाला. अगदी शांत.

"हाव ना? मग चला."

चरचर पुन्हा सुरू झाली. त्या माझ्या समोरूनच चालल्या होत्या, पण धुक्यात मला काही दिसत नव्हतं. मी हाताच्या कोपरांवर जोर देऊन वर सरकायला बघितलं, घोट्यातून वीज गेली, परत बसले. मग सगळा जीव गोळा करून ओरडले, "द्वारकेऽऽ!"

या वेळी कुणी थांबलंसुद्धा नाही. फक्त द्वारकाचं पुटपुटणं ऐकू आलं, ती कुठलंतरी स्तोत्र म्हणायला लागली होती आणि मध्येच विसरत होती.

दोन हाका झाल्या होत्या. हातात एकच उरली होती.

मी ती लगेच मारली नाही. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, पण खरं आहे. मला वाटलं, जाऊ देत. मी हाक मारली तर त्या थांबतील, शर्यत संपेल, आणि आमचा नंबर याही वर्षी माझ्यापाशीच अडेल. या वेळी तर खाणीत. नाही मारली तर त्या पोचतील. बाईंचा निदान एकटीचा तरी वरचा नंबर येईल. मला मागून कुणीतरी शोधून काढेलच. त्यांच्यामागं जे काही धावत होतं त्याची भीती वाटत होती, पण ते त्यांना काही करत नव्हतं. ते फक्त धावत होतं. नीट धावत होतं.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "हेमा, गुडघा कसा आहे?"

मी खाणीत बसून तोंड उघडलं.

"आज दुखतच नाही, बाई," ती म्हणाली.

"आज अंगात आलंय गो हिच्या!" द्वारका म्हणाली. घाबरलेली होती, तरी तिला बोलल्याशिवाय राहवलं नाही.

आणि मग बाई म्हणाल्या, "शाबास, हेमा. अशीच ये."

शाबास. पहाटेच्या अंधारात, पावसात, लेकाच्या घरी पाहुणे असताना, सुनेची भांडी वाजत असताना, मी त्या बाईंच्या मागून वर्षानुवर्षं धावले होते. नख काळं पडून गळून गेलं तरी धावले होते. हा एक शब्द मला कधी मिळाला नव्हता. मी तो मागितलाही नव्हता, पण त्याच्याचसाठी धावत होते, हे मला त्या खाणीत बसून समजलं. आणि तो माझ्या देखत, माझ्या नावानं, दुसऱ्याच कुणालातरी दिला गेला.

भीतीबिती गेली. मला संताप आला. बेडकांच्या पाण्यात थुंकले, काठाच्या गवताला धरून एका पायावर उभी राहिले, आणि ज्यांच्याशी आजवर बाई म्हटल्याशिवाय बोलले नव्हते त्यांच्या नावानं ओरडले.

"कमळेऽऽऽ!"

सगळा सडा दणाणला.

चरचर थांबली. आधी एक, मग दुसरी.

तिसरी थांबली नाही. ती त्याच वेगानं पुढं गेली, चर, चर, चर, न घाईत, न दमून. थांबलेल्या दोघींच्या बाजूनं ती पुढं गेली असणार, कारण द्वारकानं अशी किंकाळी फोडली की माझ्या हातातलं गवत सुटलं. मग ती चरचर धुक्यात लांब लांब जात ऐकू येईनाशी झाली.

"हेमा?" बाईंचा आवाज होता. "हेमा, कुठं आहेस?"

"खाणीत!"

दोघी काठावर आल्या तेव्हा द्वारकाचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. तिनं मला बघितलं, मग मागं वळून बघितलं, मग पुन्हा मला.

"तू हितं कधीपासून?"

"वळणाच्या आधीपासून. तुला हाक मारली मी."

"मग माझ्याशी बोलत होती ती कोण?" ती मटकन खाली बसली. "माझ्या अंगाला घासून गेली गो. वारा लागला मला. बघितलं तर कोण नाय."

बाई पोटावर झोपल्या, हात खाली सोडले आणि मला काखेत धरलं. द्वारकानं त्यांच्या कमरेला धरलं. सदुसष्ट वर्षांच्या त्या बाईत अजून काय ताकद होती ते मला तेव्हा समजलं. माझी कोपरं सोलवटली, पण मी वर आले.

द्वारकानं तिथल्या तिथं कातळाला डोकं टेकलं. "तीन सांगितल्या होत्या," ती म्हणाली. "एक कमी पडली. म्हणून त्यानं पुरी केली. त्याची काय चूक नाय हो. सांगितलं तसं केलं त्यानं."

तेवढ्यात किंकाळी ऐकून वळणावरचा झेंडेवाला शिट्टी वाजवत धावत आला. मला बघून तो गोंधळला.

"तुम्ही पडलात कधी? आत्ता तर माझ्यासमोरून गेलात तिघी. मी टाळ्या वाजवल्या तुम्हाला."

"तिघी?" बाईंनी विचारलं.

"तिघीच की. या मावशी सगळ्यात मागं होत्या," त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "मस्त पळत होत्या."

द्वारकानं त्याचा दंड धरला तो सोडलाच नाही. डॉक्टर आणि खुर्ची आणायला दोघं मिळून पुढं गेली. जाताना ती आम्हाला चारचारदा बजावून गेली की एकमेकींचा हात सोडू नका. खरं म्हणजे आम्ही तिथंच थांबायचं होतं. पण त्या खाणीच्या काठाला बसून राहायची माझी तयारी नव्हती, आणि बाईंचीही नव्हती. मी त्यांच्या खांद्यावर हात टाकला, त्यांनी माझ्या कमरेभोवती धरलं, आणि आम्ही एका लंगडीच्या गतीनं झेंड्यांच्या कडेनं निघालो.

हळूहळू धुकं फाटायला लागलं. उन्हाचे पट्टे कातळावर पडले. लांबून लाउडस्पीकरवर कुणीतरी नावं पुकारत होतं. मला एकदम हलकं वाटलं. संपलं होतं सगळं, पण त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. नंबर सोडून थांबल्या होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई," मी म्हटलं, "मघाशी एकेरी हाक मारली. मनावर घेऊ नका."

त्या हसल्या नाहीत. थोडं चालल्यावर म्हणाल्या, "हेमा, एक सांगायचं आहे."

"सांगा ना."

"ती तू नव्हेस हे मला जांभळीच्या आधीच कळलं होतं."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "कशावरून?"

"धाप नव्हती. इतकी वर्षं तू माझ्या मागं धापा टाकतेस. तुझी धाप मी झोपेतसुद्धा ओळखेन. मागं पाय वाजत होते, 'तीन'सुद्धा म्हणत होती, पण धाप नव्हती."

"मग वळून का नाही बघितलंत?"

बाई समोर बघत चालत राहिल्या. त्यांच्या कपाळावरचा घाम गालावर आला तो त्यांनी पुसला नाही.

"आपण पुढं होतो, हेमा. दोन संघ मागं टाकले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मागचा विचार करावा लागत नव्हता. मी म्हटलं, जी कोण असेल ती, येतेय ना. येऊ दे."

"शाबास म्हणालात तिला."

"म्हणाले."

"आणि माझी हाक? ओळखली नाहीत?"

"ओळखली."

"दुसरी?"

"पहिलीच."

मी थांबले. मी थांबले म्हणून त्यांनाही थांबावं लागलं.

"मग?"

"तिसरीलाच ओ द्यायची, असं द्वारका म्हणाली होती ना," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. शाळेत उशिरा आलेली मुलगी सांगते तसा.

मला जे वाटलं ते सांगते. मला धुक्यातल्या तिची भीती उरली नाही. ती बिचारी सांगितलेलं काम करत होती. मला भीती वाटली ती माझ्या कमरेभोवती असलेल्या या हाताची. त्या हातानं मला खाणीतून ओढून काढलं होतं आणि तोच हात दोन हाकांपर्यंत मला तिथं ठेवायला तयार होता. संघातल्या ज्या जागेसाठी मी सकाळी खोटं बोलले, ती जागा कुणीही भरू शकतं, कुणी नसलं तरी भरू शकतं, हे मी कानांनी ऐकलं होतं. ती मला नकोशी झाली. देवरुखच्या बाईला खुशाल देऊन टाकावी असं वाटलं.

"बाई," मी म्हटलं, "मी तिसरी हाक मारलीच नसती तर?"

त्यांनी माझी कमर जरा घट्ट धरली. म्हणाल्या, "मारलीस ना."

त्यांच्या खांद्यावरचा हात मी तिथल्या तिथं काढून घेतला. पुढचं पाऊल टाकायला गेले, पाय घोट्यातून दुमडला, आणि पडता पडता मी पुन्हा त्याच खांद्याला धरलं. बाईंनी मला सावरलं.

शेवटच्या वळणावरून आम्ही दिसलो तेव्हा सगळ्या शर्यती आटोपल्या होत्या. लोक चहाचे कप ठेवून दोरीपाशी आले. दोन म्हाताऱ्या एकमेकींना धरून येताहेत, एकीनं दुसरीसाठी शर्यत सोडली, असं कुणीतरी लाउडस्पीकरवर सांगितलं आणि टाळ्या सुरू झाल्या. काहीजणी तर रडत होत्या. बाईंची मान खाली होती. मी मात्र हसून लोकांना हात केला, कारण दुसरा, बाईंच्या खांद्यावरचा हात सोडला असता तर मी तिथंच पडले असते.